रिकाम्या रकान्यात काय लिहायचं

माझे धाकटे दीर फार कमी बोलतात, आणि जेवढं बोलतात त्यातलं निम्मं "ठीक" असतं. कसे आहात? ठीक. ऑफिस कसं चाललंय? ठीक. त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी दार लावून घेऊन विचारलं होतं, भाऊजी, खरं सांगा, काय वाटतंय? तेव्हाही ठीक. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही म्हणतात. यांच्याकडे सोनं आहे की माती, हेच मला कित्येक वर्षं कळलं नाही. मी दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. दिवसभर आ वासलेली माणसं बघणाऱ्या बाईला असा दीर मिळावा, हा कुणीतरी ठरवून केलेला विनोद असणार.

ते मोबाईलवरची ॲप बनवतात. पहिले काही महिने मला वाटायचं की यांच्या ऑफिसात जेसन नावाचा कुणी कामचुकार माणूस आहे. "जेसन आज अर्धाच आलाय," "जेसन आला, पण आत काही नाही," असं ते फोनवर सांगायचे. शेवटी मी विचारलं, हा जेसन पिऊन येतो का? तेव्हा ते हसले. मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं ते तेवढंच.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ॲपला स्वतःचं असं काही माहीत नसतं. ते लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारतं, तिकडची सेवा उत्तर पाठवते, आणि ते उत्तर लिहायची जी रीत, तिला जेसन म्हणायचं. एक नाव, त्यापुढे किंमत. पुन्हा नाव, पुन्हा किंमत. रकाने असतात म्हणा ना. भाऊजींचं काम एवढंच, की त्या उत्तरातली प्रत्येक किंमत उचलायची आणि फोनच्या पडद्यावर तिच्या जागी नेऊन ठेवायची. मी म्हटलं, हे तर मीही करीन. त्यावर ते म्हणाले की रकाना भरलेला आला तर कुणीही करील. कधी तो रिकामा येतो, कधी आकड्याच्या जागी भलतंच काही येतं, कधी रकानाच येत नाही. कच्च्या हाताने लिहिलेलं ॲप अशा वेळी कोसळतं. बोट लावावं आणि पडदा काळा.

यांचं ॲप कधी कोसळायचं नाही. पडदा रिकामा दिसता कामा नये, हा त्यांचा नियम होता. नवी किंमत आली नाही तर आधीची तशीच राहू द्यायची, पुढचं उत्तर येईपर्यंत निभावून न्यायचं. ऑफिसात नव्या लोकांना त्यांच्याकडे शिकायला बसवत. रिकामी जागा दिसली की माणसं घाबरतात, वहिनी, असं ते मला म्हणाले होते. मला ते पटलं. दवाखान्यात मीही तेच करते. डॉक्टर कुठे आहेत हे मला ठाऊक नसलं तरी "येतीलच आता" असं सांगते.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांनी आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासली. सासूबाई गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. आमच्याकडे या म्हटलं की खिडकीकडे बोट दाखवायचे. असा उजेड तुमच्याकडे आहे का? नाही ना? मग झालं तर. हट्टात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भाऊजींच्या कंपनीने म्हाताऱ्या माणसांसाठी मनगटावरचा पट्टा काढला, तेव्हा पहिल्या खेपेतला एक त्यांनी अप्पांना आणून दिला. पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा, ते सेवेला कळवायचा, सेवा आमच्या फोनला कळवायची. सगळं बरं असलं की आकड्याभोवती हिरवं कडं. अप्पा त्याला बेडी म्हणायचे. "चोरी काय केली ते तरी सांगा," असं म्हणून दोन दिवस रुसले आणि मग मुकाट्याने घालायला लागले. मुलाने स्वतः बनवलेली वस्तू म्हणून घालत असावेत. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बापलेक दोघेही एकाच माळेचे मणी.

हिरवं कडं दिसायला लागलं आणि आमचे फोन कमी झाले. मुद्दाम कुणी केलं नाही. चपला घालता घालता मी ॲप उघडायची, हिरवं दिसलं की दवाखान्याची वाट धरायची. आमचे हेही तसंच करायचे. आधी रोज संध्याकाळी फोन व्हायचा, अप्पा दहा मिनिटं कुणाच्या तरी नावाने खडे फोडायचे आणि आम्हाला कळायचं की प्रकृती उत्तम आहे. आता आकडा बघून कळायला लागलं.

अप्पा पडले तो सुट्टीचा दिवस होता. सकाळी त्यांनी पट्टा काढून चार्जिंगला लावला, स्वयंपाकघरात भांडी घासायला नळ सोडला आणि तिथेच कोसळले. नळ चालू राहिला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या न्हाव्याच्या छतातून दुपारी पाणी ठिबकायला लागलं आणि तो तणतणत भांडायला वर आला. दार वाजवून वाजवून हात दुखले तेव्हा त्याला शंका आली. त्याने दार तोडलं म्हणून अप्पा वाचले. "भांडायला आलो होतो, ते राहूनच गेलं," असं तो हॉस्पिटलात मला पुनःपुन्हा सांगत होता, जणू त्याचीच काही चूक झाली होती.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तिघांनीही ॲप उघडून बघितलं होतं. बहात्तर ठोके, हिरवं कडं.

झालं होतं ते असं. पट्टा बोलायचा थांबला की सेवा पूर्वी त्या रकान्यात "संपर्क नाही" असं लिहून पाठवायची आणि पडद्यावर तेच दिसायचं. त्याच आठवड्यात सेवा सांभाळणाऱ्या लोकांनी ठरवलं, की जे आपल्याला माहीत नाही तो रकाना पाठवायचाच कशाला? उत्तर आटोपशीर होतं, लवकर पोचतं. उत्तर ज्यातून येतं त्या पाकिटावर मात्र "उत्तर व्यवस्थित दिलं" हा शेरा नेहमीसारखा होताच. भाऊजींच्या ॲपने पाकीट उघडलं, आत ठोक्यांचा रकाना नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे आधीचा आकडा ठेवला. दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं काम चोख केलं होतं. अप्पा ओल्या फरशीवर पडून होते आणि चूक म्हणावी अशी गोष्ट कुणाच्याही कामात सापडत नव्हती.

भाऊजी हॉस्पिटलात आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. अजून बहात्तरच. अप्पांच्या उशाशी असलेल्या यंत्रावर वेगळाच आकडा लुकलुकत होता.

"हे कोसळलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "कोसळायला हवं होतं."

रडले नाहीत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आमच्या ह्यांनी भिंतीवर डोकं टेकून हुंदके दिले, मी पाणी आणायला गेले ती जिन्यात बसून रडले, आणि भाऊजी कॉटच्या पायथ्याशी फोन हातात धरून उभे होते. नर्सने खुर्ची दिली. ते बसले. उठा म्हणाली, उठले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पट्टा कुणी आणला, नियम कुणाचा, आणि आता दगडासारखे उभे! तोंडावर बोलले नाही इतकंच.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेले. तिथे त्यांनी काय केलं ते त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने मला नंतर सांगितलं. दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची होती. रकाना आला नाही तर कडं राखाडी करायचं, आकडा पुसायचा आणि तिथे "माहीत नाही" असं लिहायचं. वरच्या बाई म्हणाल्या, हे चालणार नाही, गिऱ्हाईक घाबरेल, त्यापेक्षा "माहिती येत आहे" लिहू. भाऊजी म्हणाले, ती येत आहे की नाही तेच आपल्याला माहीत नाही. मग बाई म्हणाल्या, निदान जुना आकडा फिकट करून ठेवू. ते नको म्हणाले. भांडले नाहीत, गयावया केली नाही, आवाज चढवला नाही. केलेला बदल मागे घ्यायला तेवढा नकार दिला. शेवटी बाईंनीच हात टेकले.

अप्पांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं किती आणि नाही किती, हे आत्ताच सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. खिडकीजवळ खुर्ची टाकली, पण आमच्या खिडकीसमोर भिंत आहे.

घरात त्यांच्या वतीने बोलायला सगळे तयार होते. अप्पांना पंखा नकोय, असं मी म्हणायची आणि बंद करायची. अप्पांना बातम्या बघायच्यात, असं म्हणून हे टीव्ही लावायचे. भेटायला येणारे सांगायचे, ओळखलं हो मला, डोळ्यांत दिसलं. अप्पा समोर बघत असायचे. गप्प एकटे भाऊजी. संध्याकाळी ऑफिसातून थेट यायचे, अप्पांसमोर स्टूल ओढून बसायचे. त्यांच्या मनगटावर अप्पांचा पट्टा होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तपासायला घातलाय. माझ्या फोनमध्ये अजून अप्पांचंच नाव होतं, खाली ठोके मात्र भाऊजींचे. मी ॲप काढून टाकलं नाही आणि उघडतही नव्हते.

मग खोल्यांचा प्रश्न निघाला. घरमालकिणीला पहिल्या तारखेच्या आत काय ते हवं होतं. ठेवणार असाल तर ठेवा, नसाल तर किल्ली द्या, माझ्या भाचीला जागा हवी आहे. तिचंही चूक नव्हतं. आमच्या ह्यांनी अप्पांच्या खुर्चीसमोर वाकून मोठ्याने विचारलं, "अप्पा, खोल्या सोडून देतोय. बरोबर आहे ना?" अप्पा खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिले. "मौनं संमतिलक्षणम्," असं म्हणून हे सरळ उभे राहिले.

"ते हो म्हणाले नाहीत, दादा," भाऊजी म्हणाले.

"नाही तरी कुठे म्हणाले?"

"नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले नाहीत. उत्तर आलेलं नाही."

मग घरच्या गोष्टीवर पहिल्यांदाच ते सलग चार वाक्यं बोलले. आपली भाड्याची खोली ते सोडणार होते. अप्पांना घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर राहणार होते. दिवसा एक बाई ठेवता येईल, उरलेलं काम घरून करता येईल, जिन्यात न्हावी हात देईल, त्याच्याशी बोलणं झालं आहे. ह्यांनी कपाळाला हात लावला. तीन जिने, अर्धं अंग लुळं, आणि हा मुलगा उजेडाच्या गोष्टी करतोय! दोघा भावांत बरंच वाजलं. म्हणजे एकच भाऊ वाजत होता. शेवटी ठरलं, की मालकीण किल्लीसाठी येईल तोवर भाऊजींनी विचारून बघावं.

ते विचारायचे असे. अप्पांच्या डाव्या तळहातावर खोल्यांची किल्ली ठेवायची. "अप्पा, तुमच्या खोल्यांची किल्ली आहे. ठेवायची असेल तर मूठ मिटा, मी तुमच्याबरोबर तिथे राहायला येईन. सोडायची असेल तर दादाला द्या." एवढंच, हळू, एकदाच. आणि मग गप्प बसून राहायचं. मान हलली, पापणी लवली, की मी पुढे व्हायची. बघा, हलवली मान! भाऊजी म्हणायचे, मान हलली, एवढंच. किल्ली उघड्या हातावर तशीच पडून असायची. कितीतरी वेळाने ते ती उचलायचे, "आज आलं नाही," असं म्हणायचे आणि घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

मधे एकदा न्हावी आला आणि त्याने अप्पांची दाढी करून दिली. साबण लावताना तो सगळ्या मजल्यांवरची कुलंगडी सांगत होता. अप्पांच्या तोंडाचा डावा कोपरा जरा वर गेल्यासारखा वाटला. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि माझा तोल गेला.

"भाऊजी, एक सांगू? हे तुम्ही अप्पांसाठी करत नाही आहात," मी म्हटलं. "तुमचं मन तुम्हाला खातंय, आणि ते गप्प बसावं म्हणून तुम्ही त्या म्हाताऱ्याला तीन जिने चढवणार."

मला वाटलं, ठीक म्हणतील.

"असेल," ते म्हणाले.

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड जुनीच आहे.

मालकीण आली ती दुपारी. आमच्याकडे बाहेरची खोली आणि अप्पांची खोली यांच्यामधे नुसता पडदा आहे. तिला खुर्ची देऊन मी आत आले. हे दाराशी उभे होते. तिला सांगून टाकायचं, हे त्यांचं ठरलेलं दिसत होतं. भाऊजी अर्धी रजा टाकून आले होते. त्यांनी किल्ली हातावर ठेवली, नेहमीची वाक्यं नेहमीसारखी म्हटली आणि थांबले. बाहेर मालकीण खाकरली. पंखा बंद होता. अप्पांना नको असतो, असं मीच ठरवलं होतं.

अप्पांची बोटं हलली. आधी करंगळी, मग बाकीची. किल्लीवर मूठ मिटली. मिटली म्हणजे घट्ट मिटली, कातडी पांढरी पडली. भाऊजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी पाहिलं नव्हतं. एखाद्या लहान मुलाला दार उघडून आत घ्यावं, तसं काहीतरी. माझ्या ह्यांनी मान खाली घातली. आता वाद संपला, असं मला वाटलं.

पण मूठ तशी राहिली नाही. ती मांडीवरून उचलली गेली. थरथरत, मधेच टेकत, पुन्हा उचलत अप्पांनी हात बाजूला नेला, जिथे हे उभे होते तिकडे, आणि उघडला. किल्ली फरशीवर पडली.

ह्यांनी वाकून किल्ली उचलली आणि ती हातात घेऊन कावरेबावरे होऊन उभे राहिले. बरोबर ठरूनही त्यांना ते नको होतं.

"आलं," भाऊजी म्हणाले. "उत्तर आलं, दादा. देऊन टाक."

त्यांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा मिटला. ते उठायला लागले, पण अप्पांचा हात परत मांडीवर गेला नव्हता. तो भाऊजींच्या मनगटावर येऊन पडला होता. बोटं पट्ट्याच्या बकलाशी खटपट करत होती. एक टोक ओढलं, सुटलं, पुन्हा धरलं. डाव्या हाताची, लांब नखांची, आयुष्यभर उजव्याच्या मदतीला राहिलेली बोटं. मला बघवेना. मी पुढे झाले.

"थांबा, वहिनी," भाऊजी म्हणाले. "त्यांना काढू द्या."

पट्टा सुटायला फार वेळ लागला. सुटला तेव्हा तो अप्पांच्या मांडीवर पडला, आणि त्यांनी तो बोटांनी लांब ढकलला. मनगटावर जिथे पट्टा होता तिथली गोरी कातडी त्यांनी अंगठ्याने एकदा चोळली. एकदाच. मग हात थकून खाली आला आणि ते भिंतीकडे बघायला लागले.

याचा अर्थ मी लावला होता. चटकन लावला, मला सवय आहे. तोंडाशीही आलं होतं: अप्पा म्हणताहेत, झालं गेलं... पण मी बोलले नाही. त्याऐवजी टेबलावरचा फोन उचलला आणि कितीतरी दिवसांनी ॲप उघडलं. अप्पांचं नाव, खाली भाऊजींच्या ठोक्यांचा आकडा. माझ्या डोळ्यांदेखत आकडा गेला, कडं राखाडी झालं, आणि मधे दोन शब्द आले: माहीत नाही.

मी फोन भाऊजींपुढे धरला, त्यांनी हॉस्पिटलात माझ्यापुढे धरला होता तसा. त्यांनी ते वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. स्टुलावर बसल्या बसल्या ते पुढे वाकले आणि अप्पांच्या लुळ्या हातावर तोंड टेकवून रडायला लागले. पडद्यापलीकडे मालकीण उठून उभी राहिली, हे किल्ली घेऊन तिच्याकडे गेले, त्यांचं काहीतरी बोलणं झालं, दार लागलं. भाऊजी रडतच होते. ते पाहून माझ्या तोंडून सवयीने जायचं तेच गेलं.

"भाऊजी, ठीक आहात ना?"

त्यांनी मान वर केली नाही.

"नाही," ते म्हणाले. "नाही, वहिनी."

मी पंखा लावला आणि त्यांच्याशेजारी फरशीवर बसले.